औषध गोदामात, रुग्ण रांगेत!

माणूस रोगाने मरतो असे डॉक्टर सांगतात आणि मृत्यूच्या दाखल्यावरही तसेच लिहिले जाते. पण रोगावर औषध सापडलेले असताना, ते कारखान्यात तयार झालेले असताना, त्याचे पैसेही चुकते झालेले असताना ते औषध एखाद्या बंदरात, एखाद्या गोदामात किंवा एखाद्या साहेबाच्या सहीसाठी अडून राहिले आणि रुग्ण मेला, तर त्याला रोगाने मारले असे म्हणायचे काय? हा प्रश्न डॉक्टरांना विचारून भागणार नाही. तो व्यवस्थेलाच विचारला पाहिजे.

हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला तो २० जानेवारी २०२५ रोजी. त्या दिवशी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी परदेशी मदत ९० दिवस थांबवण्याच्या आदेशावर सही केली. २००३ साली सुरू झालेल्या अमेरिकेच्या एड्सविषयक कार्यक्रमातून जगातील दोन कोटींहून अधिक बाधितांना औषधे मिळत होती. सही वॉशिंग्टनमध्ये झाली आणि गोदामांची कुलपे आफ्रिकेत लागली. माल वाटेत होता, ट्रक उभे होते, पण पुढे हलवायचा हुकूम नव्हता. जीव वाचवणाऱ्या औषधांना सूट दिल्याचे नंतर जाहीर झाले खरे, पण ती वाटणारी माणसेच तोवर घरी पाठवली गेली होती. १ जुलै २०२५ रोजी ही मदत देणारी ‘यूएसएड’ ही संस्थाच इतिहासजमा झाली. त्याच महिन्यात बेल्जियममधील गोदामात पडून असलेली सुमारे ९७ लाख डॉलर किमतीची गर्भनिरोधक साधने जाळून टाकण्याचा निर्णय अमेरिकन सरकारने कबूल केला. यातला बराच माल आफ्रिकेतील गरीब बायांसाठी होता आणि त्याची मुदत २०२७ ते २०३१ च्या दरम्यान संपणार होती.

आमच्यातील काही शहाणे म्हणतील की हा अमेरिकेचा आणि आफ्रिकेचा मामला आहे, आपल्याला त्याचे काय? त्यांनी एवढेच लक्षात घ्यावे, की जगातील एड्सबाधित ज्या गोळ्या गिळतात, त्यांतील बहुतांश गोळ्या भारतात तयार होतात. या साखळीची पहिली कडी आपल्या दारात आहे. म्हणून ती कुठे आणि का तुटते, हे समजून घेणे आपल्यालाही भाग आहे.

किंमत कोणी ठरवायची?

सन २००० च्या आसपास एड्सवरील तीन औषधांचा एका वर्षाचा खर्च दहा ते पंधरा हजार डॉलर होता. आफ्रिकेतील मजुराने सात जन्म राबले तरी त्याला तो परवडला नसता. दक्षिण आफ्रिकेत नेल्सन मंडेला यांच्या सरकारने स्वस्त औषधे मिळवण्याची वाट मोकळी करणारा कायदा १९९७ साली केला, तर १९९८ मध्ये औषध कंपन्यांनी त्या सरकारलाच कोर्टात खेचले. वर्णभेदाच्या तुरुंगातून सुटलेल्या जनतेला पेटंटच्या तुरुंगात कोंडण्याचा हा डाव होता.

अशा वेळी फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी जाहीर केले की हीच औषधे ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ. म्हणजे दिवसाला एक डॉलरहूनही कमी! जगभर खळबळ उडाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ३९ कंपन्यांनी दक्षिण आफ्रिकेतील खटला मुकाट्याने मागे घेतला.

हे चमत्काराने घडले नाही. १९७० च्या भारतीय पेटंट कायद्याने औषध या पदार्थावर पेटंट नाकारले होते. पेटंट मिळे ते फक्त औषध बनवण्याच्या प्रक्रियेवर. दुसऱ्या प्रक्रियेने तेच औषध बनवायला येथील कारखाने मोकळे होते. त्या एका कलमाच्या बळावर भारत गरिबांचे औषधालय बनला. पुढे जागतिक व्यापार संघटनेच्या दडपणाखाली २००५ साली हा कायदा बदलावा लागला. तरीही जुन्याच औषधाला नवा रंग फासून पेटंट लांबवण्यास अटकाव करणारे ‘३ (ड)’ हे कलम त्यात राहिले, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीविरुद्धच्या निकालात ते उचलून धरले. तात्पर्य, गोळीची किंमत प्रयोगशाळेत ठरत नाही, ती कायद्यात ठरते.

साखळी चालते कशी?

पण किंमत उतरली म्हणजे गोळी तोंडात पडली असे होत नाही. कारखान्यातून रुग्णाच्या हातात जाईपर्यंत औषधाला किती दारे ओलांडावी लागतात ते पाहण्यासारखे आहे.

पहिले दार अंदाजाचे. पुढच्या वर्षी किती रुग्ण असतील, किती नवे येतील, किती मुले आणि किती प्रौढ, याचा हिशेब आधी मांडावा लागतो. हा हिशेब येतो कुठून? दूरच्या दवाखान्यातील एकटी नर्स दिवसभर रुग्ण तपासून संध्याकाळी जी वही भरते, त्या वहीतून. वही रिकामी राहिली तर राजधानीतला अंदाज चुकतो. अंदाज कमी पडला तर रुग्ण हात हलवत परत जातो आणि जास्त झाला तर औषध मुदत संपून सडते.

दुसरे दार खरेदीचे. छोटा देश एकटा बाजारात गेला तर त्याला कोणी विचारत नाही. म्हणून अनेक देशांची मागणी एकत्र करून घाऊक खरेदी करण्याची पद्धत पुढे आली. क्षयरोगासाठी २००१ साली ‘ग्लोबल ड्रग फॅसिलिटी’ आणि एड्स, क्षय व मलेरियासाठी २००२ साली ‘ग्लोबल फंड’ उभा राहिला. लसींची अशी खरेदी युनिसेफ करते आणि त्याचा कारभार कोपनहेगनहून चालतो. एकजुटीने भाव पाडता येतो, हे कामगार चळवळीतील माणसाला वेगळे सांगायला नको. २०१७ साली टेनोफोविर, लॅमिव्युडिन आणि डोल्युटेग्रॅविर या तीन औषधांच्या एकत्रित गोळीचा वर्षाचा भाव सुमारे ७५ डॉलर ठरला. २०२३ मध्ये तो ४५ डॉलरच्या खाली आला. वीस वर्षांपूर्वी दहा हजार डॉलरला मिळणाऱ्या औषधांपेक्षा ही गोळी सरस आहे, आणि ती दिवसातून एकदाच घ्यावी लागते.

तिसरे दार गुणवत्तेचे. २००१ पासून जागतिक आरोग्य संघटना कारखाने आणि औषधे तपासून मान्यता देते. गरिबाचे औषध म्हणून ते कसेही चालेल, ही वृत्ती तेथे चालत नाही, आणि चालताही कामा नये.

मग येते वाहतूक. माल भारतातून मोम्बासा, दर-ए-सलाम, बैरा अशा बंदरांत उतरतो. मलावी, झांबिया यांसारख्या देशांना समुद्रच नाही. त्यांचा माल दुसऱ्या देशाच्या बंदरातून, दुसऱ्या देशाच्या रस्त्याने आणि दोन-दोन जकाती ओलांडून येतो. त्यानंतर मध्यवर्ती भांडार, मग जिल्ह्याचे भांडार, मग दवाखाना. लस असेल तर सारा प्रवास दोन ते आठ अंश तापमानात व्हायला हवा. वाटेत एका रात्री वीज गेली, तर सकाळी कुपी तशीच दिसते, पण तिच्यातला गुण गेलेला असू शकतो.

ही सारी दारे एका वेळी उघडी राहावीत यासाठी जे काम करावे लागते त्यालाच समन्वय म्हणतात. समन्वय हा कागदोपत्री गोड शब्द आहे. प्रत्यक्षात तो सत्तेचा प्रश्न आहे. कोण मोजणार, कोण मागणार, कोण थांबवू शकणार आणि थांबवल्यावर कोणाला जाब द्यावा लागणार, हाच त्यातला खरा मुद्दा.

कंत्राटदार कितीही मोठा असो, हा प्रश्न सुटत नाही. २०१५ साली यूएसएडने जगभर औषधे पोचवण्याचे साडेनऊ अब्ज डॉलरपर्यंतचे कंत्राट केमॉनिक्स या एकाच अमेरिकन कंपनीच्या नेतृत्वाखाली दिले. यूएसएडने तोवर दिलेले ते सर्वांत मोठे कंत्राट होते. २०१७ च्या सुरुवातीला वेळेवर आणि पूर्ण पोचलेल्या मालाचे प्रमाण सात टक्क्यांपर्यंत घसरले! पुढे कारभार सुधारला. पण त्या काळात ज्यांच्या गोळ्या चुकल्या, त्यांना या कंत्राटाचा आकडा ऐकवून काय उपयोग?

शेवटचे गोदाम

दक्षिण आफ्रिकेतील ईस्टर्न केप प्रांतात एमटाथा नावाचे शहर आहे. मंडेला यांचे जन्मगाव याच परिसरातले. २०१२ च्या अखेरीस तेथील सरकारी औषध भांडाराचा कारभार ढासळला. या भांडारावर सुमारे तीनशे दवाखाने अवलंबून होते. देशात औषधांचा दुष्काळ नव्हता. सरकारने पैसे दिले होते, माल आलाही होता. पण कामगारांचा वाद चिघळून भांडारात हात कमी पडले आणि खोके बांधून दवाखान्यात पाठवायला कोणी उरले नाही. ग्रामीण भागातून भाडे खर्चून आलेले रुग्ण मोजक्या गोळ्या घेऊन, तर काही जण रिकाम्या हाताने परतू लागले.

एड्सच्या औषधात खंड पडणे म्हणजे एक दिवसाचा उपास नव्हे. विषाणूला तेवढीच संधी मिळते. तो औषधाला दाद देईनासा होतो आणि मग महागडी, जास्त त्रासाची औषधे घ्यावी लागतात. क्षयाचेही तसेच आहे. म्हणजे गोदामातला ढिसाळपणा रुग्णाच्या रक्तात उतरतो.

या वेळी धावून कोण आले? ‘ट्रीटमेंट अॅक्शन कॅम्पेन’ ही १९९८ साली उभी राहिलेली बाधितांचीच संघटना आणि डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स. त्यांची माणसे भांडारात शिरली, मागण्यांचे कागद काढले, खोकी भरली आणि पाठवली. एवढ्यावर ते थांबले नाहीत. २०१३ साली अन्य संघटनांना सोबत घेऊन त्यांनी देशभरातील दवाखान्यांची पाहणी केली. तेव्हा पाचपैकी एका दवाखान्यात मागील तीन महिन्यांत एड्स किंवा क्षयाच्या औषधाचा तुटवडा पडल्याचे उघड झाले. कोणत्या दवाखान्यात कोणते औषध संपले हे रुग्णाने किंवा नर्सने फोन करून कळवावे, अशी सोय त्यांनी उभारली. सरकार सांगते की साठा पुरेसा आहे, आणि रुग्ण सांगतो की मला गोळी मिळाली नाही. या दोहोंत खरे कोणाचे धरायचे? त्यांनी रुग्णाचे खरे धरले. या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोठा धडा हाच आहे.

लसीची रांग आणि तिकिटाचा दर

कोरोनाच्या काळात जगाला समानतेची मोठी स्वप्ने दाखवण्यात आली. श्रीमंत-गरीब सर्व देशांना लस मिळावी म्हणून ‘कोव्हॅक्स’ योजना आखली गेली. २०२१ च्या अखेरपर्यंत दोन अब्ज मात्रा द्यायचे उद्दिष्ट होते. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेल्या सहा लाख मात्रा घानात उतरल्या आणि योजनेचा शुभारंभ झाला. पण महिनाभरातच भारतात दुसरी लाट उसळली, निर्यात थांबली आणि कोव्हॅक्सला भारतातून पुन्हा लस मिळायला नोव्हेंबर उजाडला. येथे माणसे प्राणवायूवाचून तडफडत असताना लस बाहेर पाठवा असे कोण म्हणेल? दोष तो नाही. निम्म्या जगाची भिस्त एका शहरातील एका कारखान्यावर ठेवणाऱ्या नियोजनाचा तो दोष आहे. श्रीमंत देशांनी मात्र आपल्या लोकसंख्येच्या कित्येक पट मात्रा आधीच बांधून घेतल्या होत्या. रांग सर्वांसाठी एकच असल्याचा डांगोरा पिटला गेला, पण तिकीट ज्याच्या खिशात त्यालाच खिडकी उघडी होती. भारत आणि दक्षिण आफ्रिका यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये पेटंटचे नियम तात्पुरते शिथिल करा अशी मागणी केली. त्यावर जून २०२२ मध्ये निर्णय आला, तोही काटछाट केलेला. कोव्हॅक्सची अब्जावी मात्रा पोचली ती १५ जानेवारी २०२२ रोजी, म्हणजे उद्दिष्टाच्या निम्मी मजलही वर्ष उलटल्यावर गाठली.

मग उरलेले दान सुरू झाले. मलावीला मार्च २०२१ च्या अखेरीस मिळालेल्या लसींच्या एका खेपेची मुदत १३ एप्रिलला संपत होती. हाती जेमतेम अठरा दिवस! दूरदूरच्या वाड्या-वस्त्यांत माणसे नेमून ती टोचणार कधी? मे महिन्यात १९,६१० मात्रा जाळाव्या लागल्या. नायजेरियाने डिसेंबरमध्ये दहा लाखांहून अधिक मात्रा नष्ट केल्या. त्याच डिसेंबरात गरीब देशांनी दहा कोटींहून अधिक मात्रा नाकारल्याचे युनिसेफने सांगितले, आणि त्याचे मुख्य कारण हेच, की मुदत संपत आलेली होती. तेव्हा काही वर्तमानपत्रांनी लिहिले की आफ्रिकेतील लोकांनाच लस नको आहे. शिळे अन्न वाढायचे आणि खाल्ले नाही तर माजले आहेत म्हणायचे, हा न्याय आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या भोगला आहे. त्यामुळे त्यातला डाव ओळखायला आपल्याला वेळ लागत नाही.

घरातले चोर आणि घरातला अंधार

सारे खापर परक्यांवर फोडून मोकळे होणेही प्रामाणिकपणाचे नाही. झांबियात फुकट वाटपासाठी आलेली औषधे खासगी दुकानांत विकली जात असल्याचे अमेरिकन अधिकाऱ्यांच्या पाहणीत आढळले आणि मे २०२५ मध्ये अमेरिकेने औषधांसाठीची पाच कोटी डॉलरची मदत कापली. चोरी केली बड्यांनी आणि दलालांनी, शिक्षा झाली रुग्णांना. आफ्रिकी राष्ट्रप्रमुखांनी २००१ साली नायजेरियातील अबुजा येथे अंदाजपत्रकाचा १५ टक्के वाटा आरोग्याला देण्याचा शब्द दिला होता. बहुतेक देशांनी तो पाळला नाही. दुसऱ्याच्या पैशावर जनतेचे आरोग्य सोपवले, की दुसऱ्याच्या निवडणुकीवर आपल्या जनतेचे आयुष्य टांगले जाते.

आणि आपण? जगाला एड्सची औषधे पुरवणाऱ्या या देशात जुलै २०२२ मध्ये बाधितांना औषधांच्या तुटवड्यामुळे दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यालयात ठिय्या द्यावा लागला. महिनाभराहून अधिक काळ ते बसून होते. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या क्षयरोग विभागाने राज्यांना पत्र लिहून तीन महिन्यांपुरती क्षयाची औषधे स्थानिक पातळीवर विकत घ्या असे कळवले, कारण केंद्राचा पुरवठा लांबणार होता. क्षयाचे निर्मूलन २०२५ पर्यंत करण्याच्या घोषणा त्या वेळी भिंतीभिंतींवर रंगवलेल्या होत्या! क्षय होतो कोणाला? कोंदट खोलीत राहणाऱ्याला, खाणीत आणि गिरणीत धूळ खाणाऱ्याला, अर्धपोटी राबणाऱ्याला. ज्याची कामावरची एक दिवसाची गैरहजेरी म्हणजे चुलीवरची एक वेळ, त्याला आरोग्य केंद्रातून ‘उद्या या’ म्हणून परत पाठवणे ही साधी गैरसोय नाही. आणि या साखळीची शेवटची कडी म्हणजे घरोघर फिरणारी आशा सेविका. तिला मात्र सरकार नोकरही मानत नाही, मानधनावर भागवते.

मग मार्ग काय?

मार्ग आहे आणि तो रुग्णांनीच दाखवला आहे. बेडाक्विलिन हे औषधाला दाद न देणाऱ्या क्षयावरील औषध. त्यावरील मक्तेदारी वाढवून मिळावी म्हणून जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने भारतात अर्ज केला होता. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोन तरुणींनी २०१९ साली त्याला हरकत घेतली. दोघीही क्षयातून वाचलेल्या. जुन्या विषारी औषधांनी दोघींचीही श्रवणशक्ती हिरावली होती. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. त्याच वर्षी ग्लोबल ड्रग फॅसिलिटीमार्फत सहा महिन्यांच्या उपचाराचा भाव १३० डॉलरपर्यंत, म्हणजे आधीच्या निम्म्याहूनही खाली आला. ज्यांना स्वतःला ऐकू येत नव्हते त्यांनी साऱ्या जगाला ऐकायला लावले!

दुसरा मार्ग स्वावलंबनाचा. मे २०२५ मध्ये ग्लोबल फंडाने प्रथमच आफ्रिकेत तयार झालेली एड्सची पहिल्या टप्प्यातील औषधे विकत घेतली. ती केनियातील युनिव्हर्सल कॉर्पोरेशन या कारखान्यात तयार झाली आणि मोझांबिककडे रवाना झाली. वर्षाला ७२ हजार लोकांना पुरेल एवढाच तो साठा. आकडा लहान आहे, पण दिशा बरोबर आहे. कारखाने अनेक ठिकाणी असले तर एका शहराची लाट किंवा एका राष्ट्राध्यक्षाची सही साऱ्या खंडाला वेठीस धरू शकत नाही. भारतीय कंपन्यांचा धंदा यामुळे थोडा घटेल. घटू द्या. गरिबांचे औषधालय म्हणवून घ्यायचे असेल तर गरिबाने स्वतःचे औषधालय उघडले म्हणून कपाळाला आठ्या घालू नयेत.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा मार्ग हिशेबाचा. प्रत्येक आरोग्य केंद्राच्या दारावर औषधांचा साठा रोज लिहिलेला हवा. जिल्ह्यात काही महिन्यांचा राखीव साठा हवा आणि त्यावर देखरेख करणाऱ्या समितीत ती गोळी घेणारा माणूस बसलेला हवा. त्याला आमंत्रित म्हणून कोपऱ्यात खुर्ची नको. प्रश्न विचारण्याचा आणि उत्तर मिळण्याचा अधिकार हवा. जिनिव्हातील बैठकीतही हवा आणि आपल्या तालुक्यातही हवा.

औषध ही कृपा मानली की देणारा हात केव्हाही मागे घेता येतो. ते हक्काचे मानले की मागे घेणाऱ्याला जाब विचारता येतो. म्हणून आपल्या वस्तीतील आरोग्य केंद्रात पुढच्या वेळी ‘औषध संपले’ असे सांगितले गेले, तर निमूटपणे घरी परतू नका. कधी संपले, मागणी कधी केली, कोणाकडे अडले हे विचारा, आणि लेखी विचारा. एमटाथाच्या लोकांनी तेच केले होते.